नळाचा नमुना

टाकीवर चढायचा कंटाळा कुणाला नसतो? तेलशुद्धीकरण कारखान्यातल्या केमिस्टलाही होता. नियम तसा साधा होता. डिझेल बाहेर पाठवण्याआधी टाकीच्या वरून, मधून आणि तळातून नमुना घ्यायचा, तो किती तापल्यावर पेट घेतो ते पाहायचं आणि सरकारला खरं काय ते कळवायचं. पण शिडी उन्हाने तापलेली, गुडघे कुरकुरणारे! मग सगळ्यांनी मिळून सोय काढली. टाकीखालच्या नळाला बाटली लावायची, की झालं काम. नळाच्या लांबलचक पाइपात जुनंच डिझेल साचलेलं असायचं. ते आधी वाहू द्यावं लागतं, हे माहीत असूनही कुणी ती तसदी घेत नसे. शिळं तेल दरवेळी पास व्हायचं आणि सगळे खूश.

त्या दुपारी इंधन तपासणी अधिकारी बाई न सांगता आल्या. कारखान्याच्या साहेबांनी चहा पुढे केला. बाईंनी तो तसाच ठेवला आणि सरळ शिडी चढू लागल्या. केमिस्ट मागोमाग गेला. वरचं झाकण उघडलं. आतून पेट्रोलचा उग्र वास येत होता.

प्रयोगशाळेत वरून आणलेला नमुना नुसता कोमट झाला होता. यंत्राची ज्योत खाली आली आणि फट्! निळसर भडका उडाला. शुद्ध डिझेल इतक्यात पेटत नाही.

"शेजारच्या पेट्रोलच्या टाकीची झडप गळत असणार," केमिस्ट पुटपुटला. सकाळीच या टाकीतून हॉस्पिटलच्या जनरेटरसाठी टँकर गेला होता. तो चालवणारा केमिस्टच्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता.

साहेबांनी त्याला बाजूला घेतलं. "हे बघ, नळाच्या नमुन्याचा आकडा आहेच ना? तोच कळव. उगाच कारखाना बंद पडेल, सगळ्यांच्या पोटावर पाय येईल."

बाईंनी ऐकलंच. टँकर कुठे गेला, हे त्यांनी वहीत पाहिलं होतं. "जनरेटर तुमच्या नळाला विचारून पेट घेत नाही, साहेब! तळघरात डिझेल साठवतात आणि वर आजारी माणसं झोपलेली असतात. तुमच्या सहीवर विसंबून झोपलेली! त्यांनी दाद मागायची कुणाकडे?"

केमिस्टने खिशातून मोबाइल काढला. त्याने टँकरवरच्या दाजींना फोन लावला.

"बोला मेव्हणे! आज बरी आठवण झाली आमची?"

"दाजी, डिझेल उतरवू नका! पेट्रोल मिसळलंय त्यात!"

पलीकडची थट्टा विरली. "अरे, उतरवून झालं की! इथली वीज गेलीय. जनरेटर लावायला माणूस खाली गेलाय."

"धावा दाजी! काहीही करा, पण त्याला बटण दाबू देऊ नका!"

जिन्यावर पळणारे बूट ऐकू आले, मग कुणाचं तरी ओरडणं, मग काहीच नाही. केमिस्ट भिंतीला टेकून उभा राहिला. बऱ्याच वेळाने धापा ऐकू आल्या. "थांबवला रे. अगदी ऐन वेळी. अतिदक्षता विभाग बॅटरीवर आहे, डॉक्टर खवळलेत. पण थांबवला."

केमिस्टला रडू आवरेना. डोळे पुसून त्याने साहेबांसमोरच टाकीतला खरा आकडा लिहिला, सही केली. "बाई, चूक माझी आहे. यापुढे शिडी चढल्याशिवाय सही करणार नाही."

"झडप कधीपासून गळतेय?" बाईंनी विचारलं.

"ठाऊक नाही. आम्ही फक्त नळच तपासत होतो."

वाचकहो, तपासायचं टाळलं म्हणून धोका टळत नाही. तो आपल्याच सहीने दुसऱ्याच्या घरात जाऊन बसतो!

केमिस्ट आणि बाई याच टाकीतून आधी गेलेल्या टँकरांच्या ठिकाणी फोन लावायला बसले. पहिल्याच ठिकाणी घंटा नुसती वाजत राहिली. फोन कुणी उचलला नाही.