पुसलेलं पान

मी भाताचं रोप बोलतोय. अंगभर राखाडी डाग पडलेत, पण कीव करू नका. माझे खरे वाईट दिवस गेले ते अंगावर एकही डाग नसताना.

काचघरात भातावर संशोधन करणाऱ्या ताईने मला बीपासून वाढवलं. करपा म्हणजे बुरशीचा रोग, रोपाचा पार फडशा पाडतो. त्याच्याशी लढायची सोय आम्हा भातांच्या पेशींत असते, पण एक पहारेकरी जनुक तिला कुलूप घालून बसतं. बरोबरच आहे म्हणा, सदा लढतच बसलो तर वाढणार कधी? पण बुरशी दारात आली तरी या महाशयांना जाग येत नाही. म्हणून ताईने आमच्यातल्या काही रोपांचा, माझाही, पहारेकरी बदलला, प्रत्येकाचा जरा वेगळा. कोणाचा वेळेवर कुलूप काढतो ते तिला बघायचं होतं.

परीक्षेच्या दिवशी तिने आमच्यावर बुरशीचं पाणी फवारलं आणि आम्हाला काचेच्या पेटीत झाकून ठेवलं. पानं ओली राहिली तरच बुरशी आत शिरते. ताई हात धुवायला गेली, तेवढ्यात तिची आई डबा घेऊन आली. घरी गॅलरीतल्या कुंड्यांची पानं रोज फडक्याने पुसणारी बाई ती!

"अगं बाई! किती चिकट झालंय, गुदमरलंय बिचारं," म्हणत तिने झाकण उचललं आणि सगळ्यांत पुढे मी होतो, मला लख्ख पुसलं. पावलं वाजताच झाकण लावलं. मला काय छान वाटलं! आता सांगायची लाज वाटते.

पुढे पहारेकरी न बदललेली साधी रोपं करपून गेली. शेजारच्या खुरट्या रोपावर बारीक तपकिरी ठिपके आले. माझ्यावर काहीच नाही. ताई नाचायचीच बाकी होती.

"आई, बुरशी अंगावर घेऊन बघ कसं ताजंतवानं! याचं सगळं बी मामाला. त्याचं अख्खं शेत करप्याने गेलं होतं ना?"

"आणि हे ठिपकेवालं?"

"बरं आहे, पण याच्यापुढे काहीच नाही. जागा कुठेय? टाकून देऊ."

आईचा चेहरा खर्रकन उतरला. आपण काय पुसलं ते तिला तेव्हा कळलं, पण ती नुसती कुंड्या सरळ करत राहिली. ताईने शेजाऱ्याला दारामागच्या कचऱ्याच्या ढिगात नेऊन ठेवलं. खरा लढला होता तो. बुरशी शिरताच त्याच्या पहारेकऱ्याने कुलूप काढलं, आणि तिला अडवायला त्याने तिच्याभोवतीच्या आपल्याच पेशी मारल्या. ते ठिपके त्या मेलेल्या पेशींचेच होते. मी नुसता पुसला गेलो होतो, आणि कौतुक माझं! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग एकदा आई काचघरात असताना मामाचा फोन आला. "आक्का, बी कधी मिळतंय? यंदा सगळ्या शेतात तेच लावतो."

आईने फोन ठेवला. "बाळा, हे रोप मी पुसलं होतं. तू हात धुवायला गेलीस तेव्हा."

ताई गर्रकन वळली. "आई! अगं, मामाचं शेत पुन्हा गेलं असतं!"

"म्हणून तर बोलले. आधीच सांगायला हवं होतं गं, जीभच रेटेना."

ताई तडक ढिगाकडे गेली. शेजारी आडवा पडला होता, पण मुळांशी ओल होती. तिने आम्हा दोघांवर पुन्हा फवारलं. या वेळी आई पेटीशेजारी बसून राहिली, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

माझा पहारेकरी झोपूनच राहिला आणि अंगभर डाग पसरले. शेजाऱ्याच्या नव्या पानांवर बारीक ठिपके आले आणि तिथेच थांबले. माझ्या कुंडीवरची 'बी मामाला' अशी चिठ्ठी त्याच्या कुंडीवर गेली.

आज आई माझ्यापाशी थांबली. "माझ्यामुळे तुझे हाल रे," म्हणाली. नाही हो आई, पुसून घेताना मीही सुखावलो होतो.

आता ताई मला उपटायला येईल, आणि ते बरंच आहे. फक्त एक करा. शेजाऱ्याची पानं कोणी पुसू नका. त्याचं बी मामाच्या शेतात जायचंय.