शेवटचं रीळ आधी लागलं त्याची गोष्ट

मी एक जुनं रीळ आहे, आणि तुम्हाला मित्रांनो म्हणायची माझी मुळीच इच्छा नाही. रीत आहे म्हणून म्हणतं. मित्रांनो, तुम्हीच टाळ्या वाजवून माझं वाटोळं केलंत.

माझा जन्म एका संकलक बाईंच्या टेबलावर झाला. सिनेमा त्यांच्या नवऱ्याचा, म्हणजे दिग्दर्शकाचा. पण गोष्ट दोघांची, त्यांच्याच संसारात घडलेली. पहिल्या रिळात शहरातल्या दोघांचं जमतं. दुसऱ्यात अपघात होतो, बायको नवऱ्याला विसरते, आणि तो तिच्या दारात परक्यासारखा उभा राहतो. तिसरं रीळ मी. माझ्यात ती भर बाजारात त्याला मागून हाक मारते. नावाने. बाईंनी खरोखरच नवऱ्याला तशी हाक मारली होती.

पहिल्याच खेळाला ऑपरेटरने माझ्या डब्यावर चहाचा कप ठेवला. डब्यावरच्या ३ ची शाई पसरली आणि मी २ झालं. दोन-दोन 'दोन' पाहूनही पठ्ठ्याने हाताला आलं ते लावलं. पडद्यावर बायकोने आधी हाक मारली, मग ती नवऱ्याला विसरली, आणि सिनेमा संपला.

तुम्ही उठून उभे राहिलात. "काय धाडसी शेवट!" दिग्दर्शक ऑपरेटरची गचांडी धरायला निघाला होता, तो टाळ्या ऐकून स्टेजकडे वळला. "मुद्दामच केलं," म्हणाला.

नंतर वरच्या केबिनमध्ये बाई मला गुंडाळत होत्या.

"अरे, उद्यापासून नीट लावायला सांग."

"वेडी आहेस का? लोकांना आवडलंय."

"मला तू आठवलास. ते शेवटी होतं."

"घरी आठव की! इथे कशाला?"

बाईंनी माझं झाकण दाबून लावलं. त्या घरी गेल्याच नाहीत.

पुढे त्याला हार मिळाले, मला बुरशी. परवा सिनेमा संगणकावर नव्याने उतरवायला काढला. यंत्रावरच्या मुलीने डबा उजेडात धरला. "सर, हा तीन दिसतोय. क्रम कुठला ठेवू?"

म्हाताऱ्या झालेल्या दिग्दर्शकाने माझा डबा हातात घेतला. मग त्याने बाईंना फोन लावला. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा होता.

"मी बोलतोय."

"कोण मी?"

आवाज ठणठणीत होता. बाई विसरल्या होत्या की विसरून दाखवत होत्या, मला कळलं नाही. त्यालाही नाही. नाव सांगायचा त्याला धीर झाला नाही. फोन ठेवून म्हणाला, "लोकांनी पाहिलंय तसंच राहू दे."

तर मित्रांनो, मला कोरड्या कपाटात ठेवा. बाकी तुमच्याकडे काही मागण्यात अर्थ नाही. पण घरात कुणाला तुमची आठवण असेल, तर चारचौघांत ती खोटी पाडू नका.