एक्केचाळीस बँक ऑफिसर

एक्केचाळिसाव्या पेपरातला बापसुद्धा बँक ऑफिसरच निघाला.

"माय फादर इज अ बँक ऑफिसर. ही गोज टु ऑफिस इन अ व्हाइट कार." मी पेन टेबलावर आपटलं आणि गठ्ठा पुन्हा वरून चाळला. एकाही पेपरात पांढरी गाडी चुकली नव्हती. निपाणीतल्या सगळ्या बँका एकत्र केल्या तरी एवढे ऑफिसर भरायचे नाहीत, आणि बी.ए. पहिल्या वर्षाच्या माझ्या एका वर्गात एक्केचाळीस! ही पोरं कुठली ते मला ठाऊक आहे. कुणाचा बाप तंबाखूच्या वखारीत हमाल, कुणाचा टेम्पोवर, कुणाची अक्कोळच्या बाजूला दोन एकर शेती. एकट्या सन्मतीचे वडील खरोखरच बँकेत आहेत. दारावर बंदूक घेऊन बसतात.

मी लाल पेन उघडलं आणि निबंधाच्या दहा गुणांपुढे एक्केचाळीस वेळा शून्य काढलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

हा उतारा माझ्या जुन्या ओळखीचा. मी याच गावात बी.ए. झाले तेव्हाही गाईडात हाच होता. इतक्या वर्षांत गाईडाचं मुखपृष्ठ चार वेळा बदललं, बाप काही बदलला नाही. शिक्षकांनी तो फळ्यावर लिहायचा, पोरांनी उतरवायचा, परीक्षेत ओकायचा आणि सगळ्यांनी मिळून त्याला इंग्लिश म्हणायचं, असा आमच्याकडचा रिवाज.

दुपारी आमचे विभागप्रमुख नागेंद्र सर गठ्ठा घेऊन आले.

"मॅडम, हे काय हो? सगळ्या वर्गाला शून्य?"

"सगळ्यांचा बाप एकच आहे, सर. मार्क तरी वेगळे कसे देऊ?"

"गाईडचं लिहितात तर लिहू देत की. पोरं पास होतात, कॉलेजचा रिझल्ट राहतो. गुरुवारी इंटर्नलचे मार्क भरायचे आहेत. आठ-आठ टाका आणि संपवा."

"त्यांना स्वतःचं एक वाक्य लिहिता येत नाही."

"येऊन काय विलायतेला जाणार आहेत?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "बघा मॅडम, पुढच्या वर्षीची गेस्टची यादी माझ्याच सहीनं जाते."

गेस्ट म्हणजे मी, अनुराधा. गेस्ट लेक्चरर. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं म्हणतात. मी सतरा वर्षं राहिलेय. दर जूनमध्ये नोटीस बोर्डावर यादी लागते, तिच्यात नाव असलं तर वर्ष निघतं, नसलं तर घरी. त्या यादीसाठी मी सतरा वर्षं पुष्कळांना 'हो सर' म्हटलेलं आहे. त्या दिवशी मात्र तोंडातून हो निघेना.

वर्गात जाऊन मी पेपर वाटले. "उद्या पुन्हा लिहायचं. गाईड बंद. आपल्या घरातलं माणूस, पाच वाक्यं. चुकलेली चालतील, चोरलेली चालणार नाहीत."

मागच्या बाकावरून सौम्या उठली. एरवी ही मुलगी हजेरीलासुद्धा जेमतेम ऐकू येईल असं बोलते.

"मॅडम, आमच्या माणसांचं इंग्लिश कुठं असतंय?"

"म्हणजे?"

"गाईडात ऑफिसरचं हाय, डॉक्टरचं हाय. विडी वळणाऱ्या बाईचं न्हाय. मग आम्ही काय ल्हिवायचं?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. सौम्याचे वडील ती सातवीत असतानाच गेलेत, हे मला मागाहून कळलं. त्यांनाही तिनं पांढऱ्या गाडीत बसवलं होतं.

आणि मी तरी कोण लागून गेले होते? अठरा वर्षांपूर्वी धारवाडला माझी कायम नोकरीची मुलाखत होती. सोबत आप्पा, माझे वडील, आले होते. भूपाल त्यांचं नाव. उभा जन्म तंबाखूत गेला. शेंडे खुडून खुडून चिकानं हात असे काळे पडलेले की साबणानं हात टेकले होते. ते बाहेर बाकावर बसले, मी आत गेले. आत तिघे होते. मधल्या गृहस्थांनी मला धीर यावा म्हणून सोप्यातला सोपा प्रश्न विचारला. वडिलांविषयी सांगा, इंग्लिशमध्ये. आणि माझ्या तोंडून धडाधडा बाहेर पडलं, "माय फादर इज अ बँक ऑफिसर." पांढऱ्या गाडीपर्यंत पोचल्यावर मी थांबले. त्या गृहस्थांच्या हातात माझा अर्ज होता, त्यात वडिलांचा व्यवसाय शेती असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. नुसतं 'थँक्यू' म्हणाले.

बाहेर आले तर दिवस मावळला होता. आम्ही जैन. दिवस मावळल्यावर आप्पा अन्नाला शिवत नसत. भाकरीचं फडकं त्यांच्या मांडीवर तसंच होतं, गाठसुद्धा सोडली नव्हती.

"तू आल्यावर संगट खावं म्हटलं," ते म्हणाले. मग बसमध्ये विचारलं, "काय इचारलं गं?"

"तुमच्याबद्दल विचारलं."

"माझ्याबद्दल? इंग्लिशात?"

"व्हय."

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं सगळं."

निपाणी येईपर्यंत तो माणूस उपाशीपोटी खूश होता. घरी आल्यावर आईला म्हणाला, "सायेब लोकांनी माझी चौकशी केली." आप्पांना जाऊन आता चार वर्षं झाली. त्यांना मी खरं कधीच सांगितलं नाही, आणि त्यांची ती खुशी आठवली की मला अजून माझीच लाज वाटते. ती शून्यं काढताना मला बरं का वाटलं, ते आता कळलं असेल.

दुसऱ्या दिवशी पोरं कोऱ्या कागदांपुढे बसली. दहा मिनिटं झाली तरी एक पेन हलेना. तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. हातात रिकामी पिशवी, अंगाला तंबाखूचा वास, आणि डोळ्यांत भांडण.

"तुम्हीच काय इंग्लिशच्या मॅडम? माझ्या पोरीला शून्य घातलाय म्हणं. काल जेवली न्हाय ती."

ती सौम्याची आई, अंबुबाई. कारखान्यात विड्या देऊन थेट इकडेच आली होती. सौम्यानं मान बाकात घातली.

"काकू, आत या, बसा," मी म्हटलं. "सौम्याला तुमच्याबद्दल पाच वाक्यं लिहायचीयत. तिला सुचत नाहीत."

"माझं?" अंबुबाई बाकावर टेकली. "माझं काय हाय ल्हिवण्यासारखं?"

"मी तेच म्हटलं न्हवं, मॅडम," सौम्या पुटपुटली.

हे मात्र अंबुबाईला लागलं. ती लेकीकडे वळली. "काय म्हटलंस गं? काय न्हाय म्हणालीस? ल्ही! विड्या वळती म्हणून ल्ही. दिवसाला हजार. आन काल त्यो चेकर काय म्हणाला, ते ल्ही."

कारखान्यात चेकर विड्या तपासतो आणि खराब वाटतील त्या बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. छाटीतल्या विड्या हिशेबात धरत नाहीत आणि बाईला परतही देत नाहीत. पिढ्यान् पिढ्या हे असंच चाललंय.

"चांगल्या विड्या छाटीत टाकल्या मुडद्यानं," अंबुबाई आता सगळ्या वर्गाला सांगत होती. "मी म्हटलं, वाईट हायत न्हवं? मग दे माघारी. आन त्येच्या म्होरनं उचलून पिशवीत घातल्या. बघत ऱ्हायला नुसता. ल्ही गं, भ्यायचं न्हाय."

सौम्यानं लिहायला घेतलं. खोडलं, पुन्हा लिहिलं. दोनदा मला शब्द विचारले. वीस मिनिटांनी उभं राहून तिनं वाचलं, आणि या खेपेला शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"माय मदर मेक बीडी. वन थाउजंड इन वन डे. चेकर से, बॅड बीडी. माय मदर से, गिव्ह बॅक. शी टेक ऑल बीडी अँड कम होम."

मग तिनं एकेका वाक्याचा अर्थ आईला सांगितला. अंबुबाईनं नीट ऐकून घेतलं.

"मी भ्याले न्हाय, हे ऱ्हायलं की."

सौम्यानं उभ्या उभ्याच सहावं वाक्य घातलं. "शी नॉट फिअर."

"किती मार्क?" अंबुबाईनं मला विचारलं.

"सहा."

"धाच्यात सहाच?"

"चुका आहेत, काकू."

"असूद्यात," ती पिशवी उचलत म्हणाली. "आमच्याच हायत न्हवं?"

ती गेली आणि वर्गात पेनं चालू लागली. सन्मतीनं एकदाची बापाच्या हातात बंदूक दिली. कुणाचा बाप टेम्पोवरून उतरला, कुणाचा पोत्याखालून निघाला, आणि सगळे चुकतमाकत का होईना, इंग्लिशात येऊन उभे राहिले. इतकं वाईट आणि इतकं खरं इंग्लिश मी सतरा वर्षांत तपासलं नव्हतं.

गुरुवारी मी मार्क भरून दिले. सातच्या वर कुणी नाही, आणि नऊजण नापास. नागेंद्र सरांनी कागद खालीवर बघितला.

"विचार करा, मॅडम."

"केलाय, सर. अठरा वर्षं केलाय."

जूनमध्ये यादी लागली. तिच्यात माझं नाव नव्हतं. मी दोनदा वाचली. वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. जिन्यात उभी राहून रडले, तोंड धुतलं आणि कपाट रिकामं करायला गेले.

खालच्या फळीवर पोरांनी पुन्हा लिहिलेल्या निबंधांचा गठ्ठा होता. इंटर्नलचे पेपर तीन वर्षं कपाटात जपून ठेवायचे, असा आमच्या कॉलेजचा नियम आहे. यादीतून माणूस काढता येतो, कपाटातून पेपर काढता येत नाही. मी एक कोरा कागद घेतला. नावाच्या जागी माझं नाव घातलं, रोल नंबर बेचाळीस. गाईड समोर नव्हतंच, तरी पहिल्या वाक्याला बराच वेळ लागला.

"माय फादर्स नेम वॉज भूपाल. ही ग्र्यू टोबॅको. हिज हँड्स वेअर ब्लॅक. वन डे ही वेटेड फॉर मी अँड डिड नॉट ईट. ही वॉज नॉट अ बँक ऑफिसर."

कागद सौम्याच्या पेपराखाली सरकवला. गठ्ठ्याला दोरी बांधली, कपाट लावलं आणि किल्ली नागेंद्र सरांच्या टेबलावर ठेवली.