घडीखालची जखम

सिझर होऊन नववा दिवस उजाडला, आणि ओबियागेलीला दोन दिवसांपासून आपल्याच अंगाचा वास येत होता. आंबूस, कोंदट वास. जखमेत काहीतरी बिघडलंय हे तिनं मनाशी ओळखलं होतं, पण सांगायचं कुणाला आणि कोणत्या तोंडानं?

ओबियागेली अंगानं भरलेली, आणि तिच्या पोटाची वळी सुटून खाली ओघळलेली. पहिल्या मुलापासूनच ती तशी होती, आता दुसरीच्या वेळी आणखी उतरली. जखम होती नेमकी त्या वळीच्या घडीत. घरी सोडताना इस्पितळात सांगितलं होतं, जखम कोरडी ठेवा. कोरडी ठेवा म्हणे! जिथे हात जेमतेम पोचतो आणि नजर मुळीच पोचत नाही, तिथे कोरडं काय नि ओलं काय, कळावं कसं? आणि ओनित्शा शहराच्या उकाड्यात तर धडधाकट माणसाची बगलसुद्धा कोरडी राहत नाही.

त्यात तिची आई उगोये आलेली. लेक बाळंत झाली की आईनं येऊन उमुग्वो करायचं, महिनाभर तिला शेकायचं, न्हाऊमाखू घालायचं, तिखट रस्सा पाजायचा. उगोये गावाहून सुकी मासळी, मिरी आणि दोन लांब सुती पट्टे घेऊन आली होती. रोज सकाळी कढत पाण्यात टॉवेल बुडवून ती लुगड्यावरूनच लेकीचं पोट दाबायची, मग कमरेला गुडघा लावून पट्टा असा आवळायची की ओबियागेलीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत.

"आई, टाके आहेत खाली."

"म्हणून तर बांधायचं. बांधलं की सांधतं. पोट एकदा लोंबलं की लोंबलं, मग जन्मभर रडत बसशील."

 लुगडं सोडून खरं काय ते दाखवावं, तर ती घडी आईच्या नजरेला पडणार. नवऱ्यालासुद्धा तिनं ती कधी उजेडात दिसू दिली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची! मग तिनं आपल्या अकलेनं उपाय काढला. न्हाणीत दाराला कडी घालून ती घडीत बाळाची पावडर ओतायची, मूठ मूठ. वास घटकाभर दबायचा आणि दुपारपर्यंत दुपटीनं उठायचा.

त्या सकाळी उगोये याम कंदाच्या फोडी रश्श्यात सोडत होती. एकाएकी तिनं नाक वर केलं.

"कुठली मासळी सडली गं?"

तिनं पिशवी उलटी केली. एकेक मासा नाकाशी नेऊन हुंगू लागली आणि ज्या बाईकडून घेतले तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागली. "ही नाही. ही पण नाही. थांब, त्या चोरटीला मी बाजारात गाठतेच!"

ओबियागेलीला ते बघवेना. बाळाला पाजता पाजता तिला हुंदका फुटला.

"आई, मासळी नाही गं. मी आहे."

उगोयेच्या हातातला मासा तसाच राहिला. मग तिनं चूल विझवली, बाळाला पाठीशी बांधलं आणि लेकीला रिक्षात घातलं.  वाटभर ओबियागेलीच्या डोळ्यांपुढे वॉर्डातली शेजारच्या खाटेवरची बाई होती. तिचे टाके उसवले होते, तिला पुन्हा टेबलावर घेतलं होतं आणि तिचं लेकरू घरी डब्याच्या दुधावर होतं. आपलंही तेच होणार, असं तिनं धरूनच ठेवलं.

दवाखान्यातली सिस्टर एझिन्ने बारकीशी, पण आवाजानं दणकट. तिनं ओबियागेलीला आडवं केलं, पट्टा सोडला आणि उगोयेला म्हणाली, "आजी, बाळ इकडे द्या. हात धुवा, आणि हे दोन्ही हातांनी वर धरा."

उगोयेनं लेकीची वळी ओंजळीत घेऊन वर उचलली. ओबियागेलीनं डोळे गच्च मिटून घेतले.

"अगं बाई! ही जखम आहे का पेज शिजायला ठेवलीय?" सिस्टर म्हणाली. "किती डबे ओतलेस?"

"दोन," ओबियागेली पुटपुटली.

सिस्टरनं भिजलेली पावडर हलक्या हातानं धुऊन काढली, कापडानं टिपली, दिवा जवळ घेतला आणि बोटानं कडेकडेनं चाचपलं. 

"टाके शाबूत आहेत. पू नाही, ताप नाही. घामानं नि पावडरीनं वरची कातडी तेवढी भिजून पांढरी पडलीय. आणखी चार दिवस गेले असते तर मात्र उसवलं असतं."

"म्हणजे पुन्हा कापायचं नाही?"

"कशाला कापू? हौस आहे का?"

ओबियागेलीचा जीव भांड्यात पडला. ती हसायला लागली, मग रडायला, मग टाके दुखतात म्हणून दोन्ही थांबवलं.

उगोयेचा चेहरा मात्र उतरला होता. "मी बांधलं म्हणून झालं का?"

"तुम्ही आवळलंत, हिनं कोंबलं. दोघी सारख्याच शहाण्या! आता ऐका. शेक बंद, पट्टा बंद, पावडर, तेल, पाला सगळं बंद. रोज साध्या पाण्यानं धुवायचं, टिपायचं, घासायचं नाही. घडीत स्वच्छ मऊ सुती कापड ठेवायचं, ओलसर लागलं की बदलायचं. दिवसातून तीन-चारदा आडवं पडून पोट वर धरायचं आणि वारा लागू द्यायचा. लाल झालं, पाणी सुटलं, ताप आला तर लगेच या. नाहीतर परवा दाखवायला या."

घरी आल्यावर ओबियागेली खिडकीपाशी आडवी झाली. वीज गेलेली. उगोये खाटेच्या कडेला बसली, एका हातानं लेकीची वळी वर धरली आणि दुसऱ्या हातानं पुठ्ठ्यानं वारा घालू लागली. ओबियागेलीनं लाजेनं तोंडावर हात घेतला.

"मला बघू नकोस ना गं."

उगोयेचा पुठ्ठा थांबला. तिनं आपल्या लुगड्याची गाठ सोडली आणि झगा वर केला. तिचंही पोट तसंच, थेट मांड्यांवर उतरलेलं.

"तुझ्या वेळचं आहे. सासूनं तीन महिने आवळलं, गेलं का? ओढ्यावर बायका मला हसायच्या, म्हणून मी तांबडं फुटायच्या आत एकटीच जाऊन न्हायचे. तुझ्या वाट्याला ते नको, म्हणून इतकं ओढत होते गं पोरी."

ओबियागेलीनं तोंडावरचा हात काढला. ती आईच्या पोटाकडे बघत राहिली. जन्मभर आई शेजारी होती, आणि दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होत्या.

"हात भरून आला असेल. सोड आता," ती म्हणाली.

"गप पड. अजून वाळायचं आहे."

पुठ्ठा पुन्हा हलू लागला. भर दिवसा, खिडकी सताड उघडी आणि पोट उघडं टाकून, नऊ दिवसांत पहिल्यांदा ओबियागेलीला गाढ झोप लागली.