एका जागी न बसणारा दाणा

घशाचा रखवाला संत सान ब्लास. त्याच्याच जत्रेच्या तोंडावर गावात घसा धरून ताप यायची साथ आली. "रविवारपर्यंत रुग्ण कमी झाले नाहीत, तर जत्रा बंद," दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावलं. गल्लीतल्या पोरांनी जत्रेसाठी महिनाभर घाम गाळून नाच बसवला होता. त्यांची तोंडं उतरलेली पाहून निवृत्त गणितशिक्षिका लिंपियाला चैन पडेना.

तिने पोरांना अंगणात बोलावलं. टेबलावर घेवड्याच्या पांढऱ्या दाण्यांचे घोळके मांडले.

"हे आपले गार पाण्यातलं पाल्याचं तेरेरे पिणारे. घोळक्यात पेला एक, नळी एक. लाल दाणा म्हणजे तापाचा. नळी त्याच्याकडून शेजारी गेली की नाणं उडवा. छापा पडला तर शेजारीही लाल. दोन फेऱ्यांनी लाल दाणा बरा, त्याला बाजूला काढा."

नाणी उडाली. ताप एका घोळक्यात भडकला आणि तिथेच विझला.

"मग गावभर कसा पसरला, बाई?" पोरांतल्या नाइदाने विचारलं.

"कारण गावात एक दाणा स्वस्थ बसत नाही." लिंपियाने एक दाणा या घोळक्यातून त्या घोळक्यात फिरवला. बघता बघता टेबल लाल झालं.

"सेल्विनो आजोबा!" पोरं एका सुरात ओरडली.

"काय रे?" कुंपणापलीकडून लिंपियाचा थोरला भाऊच डोकावला. काखेत गार पाण्याचा थर्मास, हातात पेला. सगळं ऐकून तो उखडला. "मी ठणठणीत आहे! साधी शिंक नाही!"

"तू असशील, दादा. तुझी नळी गावभर उष्टी आहे."

"मग काय पुढे केलेला पेला नाकारू? लोक माझं तोंड बघतील का?"

"पेला नाकारू नकोस. फक्त घोळका बदलू नकोस."

पोरांनी त्याचा दाणा एका जागी बसवला. ताप विझला. सेल्विनोने स्वतःचं नाणं काढून पुन्हा खेळ मांडायला लावला. तरीही विझला.

"गाव काही दाण्यांसारखं वागेलच असं नाही," लिंपिया म्हणाली, "पण बांध कुठे घालायचा ते कळतं."

"बरं. पण घोळका मी निवडणार. चर्चजवळचा नको, तिथे मला बोलूच देत नाहीत."

तो आंब्याखालच्या घोळक्यात जो बसला, तो तिथून हलला नाही. रविवारी नर्सबाई आल्या. रुग्ण बरेच कमी झाले होते. तेवढ्यात सेल्विनोचा घोगरा आवाज आला आणि पोरं धास्तावून एकमेकांकडे बघू लागली. नर्सबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला, घसा पाहिला.

"ताप नाही. मग घसा का बसला?"

"बसल्या जागेवरून चार गल्ल्यांना बातम्या पुरवतोय, बाई!"

नर्सबाई हसत पोरांकडे वळल्या. "उभे काय राहिलात? नाचाचे कपडे पेटीतून बाहेर काढा."