खुर्चीवरचा रुमाल

सरोजिनी वातानाबे स्नेहदीप मंडळाच्या अध्यक्षा झाल्या आणि अंगावर पडलेल्या टाळ्यांचा आवाज विरतो न विरतो तोच मंडळींनी त्यांच्यानंतरचा अध्यक्ष शोधायला घेतला. तोही त्यांच्या पाठीमागे नव्हे, भिंतीपलीकडे. मधल्या भिंतीला ताटं सरकवायची एक खिडकी होती आणि तिचं झाकण अर्धवट उघडं राहिलं होतं.

अठ्ठ्याण्णव सालचा पाडवा होता. फुनाबोरीच्या सार्वजनिक हॉलमध्ये मंडळाची वार्षिक सभा आणि जेवण, असा दरवर्षीचा बेत. व्यवस्थापकाची परवानगी काढून गॅलरीत बांबूला गुढी बांधलेली. श्रीखंडासाठी बायकांनी दोन दिवस आधीपासून घरोघरी जपानी दही फडक्यात टांगून ठेवलेलं. पूर्व तोक्योतली आणि आसपासची चाळीसेक मराठी कुटुंबं जमली होती. काही जुनी व्यापारी घरं, आणि बाकी सगळी दोन हजार साल उजाडताना कॉम्प्युटर बंद पडू नयेत म्हणून चाललेल्या कामासाठी पुण्या-मुंबईहून आलेली तरुण मंडळी.

सरोजिनीताई या दोन्हींत न बसणाऱ्या. माहेरच्या सांगलीच्या माने. साखर कारखान्याची यंत्रं बसवायला आलेल्या एका अबोल जपानी इंजिनियरशी त्यांनी लग्न केलं, तेव्हा वडिलांनी दोन वर्षं पत्र टाकलं नव्हतं. त्यालाही आता पंचवीस वर्षं उलटली. उरायासुला घर, नोकरीला लागलेला रेन नावाचा मुलगा, आणि उरलेला सगळा वेळ या मंडळाला. नव्या आलेल्या मुलींना दवाखान्यात न्यायचं, शाळेत जाऊन मास्तरांशी बोलायचं, घरमालक अडून बसला तर त्याची समजूत घालायची, हे सगळं ताईंकडे.

या तरुणांतल्या अनुरागची बायको नैना बाळंत झाली तेव्हा तर ताई रात्रभर तिच्या उशाशी उभ्या होत्या. डॉक्टर बोलायचा, ताई नैनाला मराठीत सांगायच्या. नैना ओरडायची, ते काही त्यांना जपानीत सांगावं लागलं नाही.

म्हणून सभेत त्याच अनुरागने उठून "या वर्षी अध्यक्षपदासाठी मी सरोजिनीताईंचं नाव सुचवतो" असं म्हटलं, तेव्हा ताई खुर्चीवर सरसावून बसल्या. मावळते अध्यक्ष गुणवंतराव, मसाल्याचे व्यापारी, यांनी लगेच अनुमोदन दिलं. सॉफ्टवेअरवाल्यांचा पुढारी श्याम म्हणाला, "एकमताने!" सगळे हात वर झाले. एकही खाली राहिला नाही. ताईंना वाटलं, इतक्या वर्षांत कुणी काही बोललं नाही, पण बघत होते सगळे.

त्या आनंदातच त्या जेवणानंतर स्वयंपाकघरात शिरल्या. पाच वाजता हॉल रिकामा करायचा होता आणि जळणारा कचरा, न जळणारा कचरा, बाटल्या असं वेगवेगळं केल्याशिवाय व्यवस्थापक किल्ली परत घेत नसे. अध्यक्षा झाल्या म्हणून काय झालं, असं म्हणत त्यांनी हातात रबरी मोजे चढवले. इतक्यात पलीकडून गुणवंतरावांचा आवाज आला.

"यंदाचं मिटलं. आता पुढच्या वर्षाचं बोला."

"पुढच्या वर्षी मी," श्याम म्हणाला. "तसं ठरलंच आहे ना आपलं? माझं कॉन्ट्रॅक्ट वाढतंय की नाही ते डिसेंबरात कळेल, म्हणून तर यंदा थांबलो."

"हो, पण दोन हजार साल माझं. यंदा मुलीच्या लग्नाला तीन महिने पुण्यात जायचंय म्हणून सोडलं मी. नवं शतक म्हणजे मोठा कार्यक्रम होणार, दूतावासातली माणसं येणार. तिथे माणूस वजनदार लागतो."

"आणि दोन हजार एकला आमचे अनुराग-सान!" श्याम जपानी थाटात म्हणाला आणि कुणीतरी अनुरागच्या पाठीवर थाप मारल्याचा आवाज आला.

"पण ताईंना दुसऱ्या वर्षीही राहावंसं वाटलं तर?" कुणीतरी विचारलं.

गुणवंतराव मोठ्याने हसले. "अहो, ताई म्हणजे आपण खुर्चीवर टाकलेला रुमाल. जागा धरून ठेवायची, एवढंच. मालक आला की रुमाल उचलायचा. शिवाय मराठी मंडळाच्या अध्यक्षा कोण, तर वातानाबे! एक वर्ष ठीक आहे. गंमत म्हणून."

"ताईंना काही वाटायचं नाही," अनुराग म्हणाला. "त्यांना कामाची हौस आहे. पद असलं काय, नसलं काय."

सरोजिनीताईंच्या हातातली बाटली तशीच राहिली. गुणवंतरावांचं बोलणं त्यांना नवीन नव्हतं. पण हा अनुराग! त्याची मुलगी जन्मली तेव्हा त्याच्याआधी तिला पाहिलं ते मी, आणि मला 'हौस'? त्यांनी मोजे काढले नाहीत. पुढे झाल्या आणि खिडकीचं झाकण खाडकन वर ढकललं.

"गुणवंतराव, दोन हजार एकपर्यंत जाऊन पोचलात की! मधलं माझं वर्ष कुठे सांडलंत?"

पलीकडे चहाचे कप हवेतच थांबले.

"अहो ताई, गंमत चालली होती," श्याम म्हणाला.

"गंमत होती, तर मला हसू का आलं नाही?"

"तुम्ही उगाच मनाला लावून घेता," गुणवंतराव म्हणाले. "एकमताने निवडलंय तुम्हाला. आणखी काय मान द्यायचा?"

"निवडलंय? आत्ताच ऐकलं मी काय केलंय ते." त्यांनी अनुरागकडे पाहिलं. तो कपात बघत होता. "आणि तू रे? तुझी तरी माझं नाव घेताना जीभ जड व्हायला हवी होती."

ताईंनी कचरा होता तसा सोडला, मोजे ओट्यावर टाकले, पर्स उचलली आणि निशी-कासाईच्या बसच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. बसमध्ये शेजारच्या बाईने त्यांच्याकडे वळून पाहिलं, तेव्हा त्यांना कळलं की आपण मोठ्याने बोलतोय.

घरी वातानाबेंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि चहाचा पेला पुढे केला. "सारो, एका वर्षाचा तर प्रश्न आहे. काम कर आणि सोड. इलाज नाही."

"इलाज नाही, इलाज नाही! तुमच्या या देशात भूकंप झाला तरी इलाज नाही आणि माणसाने माणसाचा अपमान केला तरी इलाज नाही!" त्या इतक्या जोरात बोलल्या की आतल्या खोलीतून रेन बाहेर आला. कावासाकीच्या कंपनीत लागल्यापासून तो सुट्टीच्या दिवशी निम्मा दिवस झोपायचा. त्याला मराठी सगळं कळे, उत्तर मात्र जपानीतच येई.

"आई, तुला कुणी कुणी मत दिलं?"

"सगळ्यांनी. एकमताने."

"नैना-सानने? प्रकाश-सानच्या बायकोने, मिचिकोने?"

"त्यांना कुठलं मत? कुटुंबामागे एक मत असतं. कुटुंबप्रमुखाचं."

"म्हणजे ज्यांच्यासाठी तू धावतेस, त्यांच्यातल्या एकीनेही तुला निवडलेलं नाही."

रेन फ्रिजमधून दूध काढून परत आत गेला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता. ताई मात्र बसल्या जागी खिळल्या. वातानाबे मंडळाचे सभासद नाहीत म्हणून बायकांत आपला एकटीचाच हात मोजला जातो, हे त्यांना माहीत होतं. बाकीच्या बायका पुऱ्या तळत असतात हेही माहीत होतं. इतकी वर्षं हे डोळ्यांसमोर होतं आणि एकदाही राग आला नव्हता! आता आला, आणि असा आला की दुपारचा राग त्यापुढे काहीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी अनुरागचा फोन आला. "ताई, तुमचा गैरसमज झाला. म्हणजे, मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"तुला जे म्हणायचं होतं तेच तू म्हणालास. नैनाला फोन दे."

"ताई, पण..."

"नैनाला दे म्हणते ना!"

त्या आठवड्यात त्यांनी एकेक करून सगळ्या घरी फोन लावले. नवऱ्याने उचलला की म्हणायच्या, "तुमच्याशी नाही, तिच्याशी बोलायचंय." काही बायका घाबरल्या. "ताई, आमच्यात यावरून भांडणं होतील हो," एक म्हणाली. "होऊ देत," ताई म्हणाल्या. "भांडायला आपण घाबरलो म्हणून तर इथवर आलंय." काहींना हसूच आलं. नैना मात्र म्हणाली, "तुमचं नाव सुचवायचं हे अनुरागने सभेच्या आदल्या रात्री माझ्यासमोर ठरवलं, ताई. मला वाटलं मनापासून आहे. फसले मी पण."

जून महिन्यात अध्यक्षांच्या अधिकारात सर्वसाधारण सभा बोलावली गेली. विषय एकच: अठरा वर्षांवरच्या प्रत्येक माणसाला एक मत. नवरा, बायको, मुलगा, मुलगी, आणि जपानी असला तरी मराठी घरातला जो कोणी असेल तो. जेवण ठेवलेलं नव्हतं. त्यामुळे स्वयंपाकघराला कुलूप होतं आणि बायकांना खुर्च्यांवर बसण्यावाचून दुसरं काम नव्हतं.

लग्न उरकून गुणवंतराव आदल्याच आठवड्यात परतले होते. ते उठले. "ताई, रागाच्या भरात मंडळ मोडू नका. घरात एक मत पुरे असतं. नवरा-बायकोत कशाला काडी लावता?"

"ज्या घरात एका मताने चालतं, तिथे दोन्ही मतं एकाच बाजूला पडतील. तुम्हाला कसली भीती?"

"आणि ज्यांना मराठी येत नाही त्यांनी मराठी मंडळाचा अध्यक्ष निवडायचा?"

प्रकाशच्या शेजारी बसलेली मिचिको उभी राहिली. गणपतीत नऊवारी नेसून लेझीम खेळायला तिला दरवर्षी पहिल्या रांगेत उभं करत असत. "मला मराठी येते," ती सावकाश, एकेक शब्द मांडत म्हणाली. "थोडी येते. पण भांडण सगळं कळते."

हशा पिकला. गुणवंतराव हसले नाहीत. "ठीक आहे. मग मतदान चिठ्ठ्यांनी घ्या. गुप्त."

"का बरं? मला निवडताना हात पुरले होते," ताई म्हणाल्या. "नियम अजून तुमचाच आहे. कुटुंबप्रमुखांनीच मत द्यायचंय. फक्त ज्यांच्याविषयी द्यायचंय, त्या शेजारी बसल्यात, एवढाच फरक. ठरावाच्या बाजूने कोण आहे? हात वर करा."

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. प्रकाशचा हात पहिला गेला. मग मागच्या रांगेतल्या तरुण मुलांचे. श्यामने आजूबाजूला पाहिलं, मनातल्या मनात काहीतरी जुळवलं आणि शेवटी त्यानेही हात उचलला. पुढच्या वर्षी या सगळ्या बायका मत देणार असतील, तर आज त्यांच्यादेखत हात खाली ठेवून त्याचं कसं भागणार? अनुरागचा हात गुडघ्यावर होता. नैना त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. मांडीवरच्या मुलीच्या टोपीचा बंद ती सोडत होती आणि बांधत होती. त्याने हात वर केला. ताईंना ते दिसलं आणि बरं वाटलं नाही. बायको शेजारी नसती तर? हा प्रश्न त्यांच्या मनात तसाच टोचत राहिला.

गुणवंतरावांनी हाताची घडी घातली होती. त्यांच्या पत्नी, सुनीताबाई, ज्यांचा आवाज मंडळात कुणी ऐकला नव्हता, आपली पर्स घेऊन उठल्या आणि दोन रांगा सोडून मिचिकोच्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. गुणवंतरावांनी एकदा मान वळवून पाहिलं आणि पुन्हा समोर बघू लागले.

ठराव मंजूर झाला. विरोधात नऊ घरं राहिली. त्यांतल्या काहींनी नंतर मंडळात येणं सोडलं, आणि ते कुणामुळे, याची चर्चा पुढे कितीतरी महिने चालली.

सभा संपल्यावर नेहमीसारखे घोळके झाले, आणि घोळक्यांत नेहमीसारखाच विषय निघाला: पुढच्या वर्षी कोण? पण आता हिशेब कुणाचा लागेना. श्यामला आपल्याकडे किती जण आहेत तेच सांगता येईना. एकाने सुनीताबाईंचं नाव घेतलं, तेव्हा दुसरा म्हणाला, "काय सांगावं!" आणि तो चेष्टा करत नव्हता.

अनुराग ताईंजवळ आला. "ताई, झालं ना शेवटी तुमच्या मनासारखं? आता तरी राग सोडा."

"झालं ते माझ्या मनासारखं म्हणून नाही, बरोबर होतं म्हणून झालं. आणि राग कधी सोडायचा ते माझं मी बघेन."

तो ओशाळून बाजूला झाला. नैना मागेच उभी होती, मुलीला कडेवर घेऊन.

"ताई, एक विचारू? पुढच्या वर्षी मी उभी राहिले तर? मला जमेल?"

सरोजिनीताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोर. आतापर्यंत हिचं बोलणं दुसऱ्यांना समजावून सांगायचं काम आपण करत होतो.

"मला काय विचारतेस? त्या लोकांनी विचारलं होतं का कुणाला? रहा उभी," त्या म्हणाल्या. मग पर्सची चेन ओढून घेत त्यांनी पुढचं वाक्य असं उच्चारलं की घोळक्यातल्या श्यामनेही मान वर केली. "पण एवढं लक्षात ठेव, मीही उभी राहणार आहे. हरवून दाखव मला."