ईसाक्कीचे सत्तेचाळीस

दोष ईसाक्कीचा. ओइवाचा नाही, थंडीचा तर मुळीच नाही. थंडी आमच्याकडे दर जानेवारीत न बोलावता येते, आठवडाभर मुक्काम ठोकते आणि जाते. तिने मुद्दाम कुणाचं घर बुडवल्याचं मी पाहिलेलं नाही. ते काम त्र्याहत्तर वर्षांच्या एका शहाण्या माणसाने केलं आणि मी त्याचा एकुलता एक साक्षीदार आहे. मी थर्मामीटर बोलतोय.

माझ्या पोटात पारा नाही. पारा उणे एकोणचाळिसला गोठतो आणि मग तोंड मिटून बसतो. आमच्या भागात असला भित्रा माणूस काय कामाचा? माझ्या पोटात लाल रंगाचं स्पिरिट आहे. ते उणे साठपर्यंत खाली उतरतं आणि असेल तेच सांगतं. हाच माझा गुण आणि यापायीच माझं वाटोळं झालं.

आधी मी शाळेत होतो. वर्गात अठरा डिग्री ऊब नसेल तर मुलांना घरी सोडायचं, असा नियम होता. मी अकरा दाखवत होतो. हेडमास्तर रोज सकाळी येऊन मला टिचकी मारायचे. टिचकी मारून खोली तापत नाही, एवढं विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला कळू नये? कळत होतं. शाळेची निम्मी लाकडं त्यांच्या घरच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, जळत होती, हेही त्यांना कळत होतं. शेवटी ‘बिघडलेला’ असा शेरा मारून त्यांनी मला शाळेतून काढलं. तेव्हापासून टिचकी मारणाऱ्या कुठल्याही वडीलधाऱ्याबद्दल मला आदर वाटत नाही.

शाळेत लाकडं पोचवायला ईसाक्की यायचा. त्याने मला कचऱ्याच्या पेटीतून उचललं, घरी नेलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर एका खिळ्याला टांगलं.

तिथे मात्र माझा मान होता. ईसाक्कीची बायको लेंपी रोज उठल्या उठल्या नखाने काचेवरचं हिम खरवडायची आणि माझ्याकडे बघायची. तिचं सगळं घर माझ्या आकड्यावर चालायचं. गाईंना कोमट पाणी कधी द्यायचं, बटाट्यांच्या तळघरावर गोणपाट कधी टाकायचं, सगळं मी सांगायचो. आणि आकडा पस्तिसाच्या पुढे गेला की दारामागचा कंदील पेटवून विहिरीवरच्या खोपटात ठेवायचा, म्हणजे तिथून घरात येणारा नळ गोठत नाही. हा तिचा कायदा होता. जानेवारीत आमच्याकडे ‘उणे’ म्हणत नाहीत. ते सगळ्यांनी धरलेलंच असतं. ती नुसतं विचारायची, “किती?”

ईसाक्कीला मी हवा होतो तो वेगळ्याच कामासाठी.

गावातल्या दुकानात शेगडीजवळ एक बाक आहे. दहा वाजता म्हातारे त्यावर येऊन बसतात, टोप्या गुडघ्यावर ठेवतात आणि आपापल्या अंगणातली थंडी सांगतात. जास्त थंडी ज्याची, तो त्या दिवसापुरता मोठा. तळ्यापलीकडचा ओइवा गेली बारा वर्षं रोज मोठा ठरत होता. त्याचं घर अगदी काठावर, खोलात. थंड हवा पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि खोलात साचते. ईसाक्कीचं घर टेकाडावर. म्हणजे ओइवाचा आकडा कायम तीनने पुढे.

“आमच्याकडे चौतीस,” ईसाक्की सांगायचा.

“चौतीस?” ओइवा टोपी कुरवाळत म्हणायचा. “वा. उबेला राहतोस की रे. आमच्याकडे सदतीस.”

यात ओइवाचं कर्तृत्व काय? बापाने चुकीच्या जागी घर बांधलं, एवढंच. पण ईसाक्की घरी येऊन माझ्याकडे असा बघायचा, जणू मी परीक्षेत नापास झालोय. मग टिचकी. त्याचीही टिचकी.

त्या वर्षी नाताळात लेंपीचा घोटा मुरगळला. जानेवारी उजाडला तरी ती पाय स्टुलावर ठेवूनच बसलेली. सोमवारी थंडी आली, एकतीस. मंगळवारी ईसाक्की दुकानातून जवळजवळ धावत आला.

“शनिवारी पेपरवाली येतेय! गावातलं सगळ्यात थंड अंगण कुणाचं ते छापणार आहेत. फोटोसकट!”

“मग कॉफी करायला हवी,” लेंपी म्हणाली. “वेलदोड्याचे पावही करते. बसून लाटेन.”

“कॉफीचं काय घेऊन बसलीस? आकडा!”

“आकडा देव देतो. कॉफी मला द्यावी लागते.”

बुधवारी पहाटे मी अडतीस दाखवत होतो. ओइवाचे एकेचाळीस असणार, हे सांगायला थर्मामीटर लागत नाही. ईसाक्की मोज्यांवरच, पाऊल न वाजवता बाहेर आला, त्याने मला खिळ्यावरून काढलं आणि गोठ्यामागच्या घळीत नेऊन झऱ्याजवळच्या एका वाकड्या झाडाला बांधलं. ती घळ ओइवाच्या काठापेक्षाही खोल. तिथे मी त्रेचाळीसपर्यंत उतरलो. म्हातारा माझ्यासमोर नाचला. खरंच नाचला, फरच्या टोपीत, एकटाच. एक कोल्हा थांबून बघत होता.

इथवर त्याला माफ केलं असतं. पण हा आकडा शनिवारपर्यंत लपवायला हवा होता. लेंपी रोज सकाळी ओइवाच्या बायकोशी, हिल्माशी, फोनवर बोलायची. लेंपीला कळलं की दहा मिनिटांत तळ्यापलीकडे कळणार, आणि मग ओइवाही स्वतःसाठी एखादी घळ शोधणार. ओइवानेही हिल्माला शनिवारपर्यंत आकडा सांगू नकोस असं बजावलं होतं, म्हणून तिकडूनही लेंपीला काही कळत नव्हतं.

तेव्हा लेंपीने विचारलं, “किती?” आणि हा म्हणाला, “तीस.”

पुढचं मला नंतर कळलं, सौनाच्या बाहेरच्या खोलीत, लेंपी हिल्माला सांगत असताना. आणि ती काही संक्षेपात सांगणारी बाई नाही.

“तीस? अरे, भिंती कडाकड वाजतायत!”

“जुन्या आहेत भिंती.”

“मला जरा खिडकीशी ने. बघते.”

“काचेवर हिम बोटभर साठलंय. काय दिसणार आहे तुला? मी सांगतो ना.”

“मग कंदील?”

“तिसाला कसला कंदील? पस्तिसाला कंदील. कायदा तुझाच ना?”

खोपटात कंदील ठेवला असता तर दारामागचा कंदिलाचा खिळा रिकामा दिसला असता, आणि रिकामा खिळा बघून लेंपीने आकडा ओळखला असता. म्हणून गुरुवारी चव्वेचाळीस असताना त्याने कंदील नेला नाही. शुक्रवारी पंचेचाळीस असतानाही नेला नाही. नळ गोठू शकतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण शनिवार तोंडावर आला होता आणि बारा वर्षांची सल उरात होती. मी झाडावरून ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. मला फक्त दाखवता येतं, आणि बघायला तिथे तो एकटा यायचा.

शनिवारी सकाळी मी सत्तेचाळीस दाखवले. इतका खाली मी आयुष्यात उतरलो नव्हतो. ईसाक्कीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पापणीवरच गोठलं.

“लेका,” तो मला म्हणाला. एवढंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने टिचकी मारली नाही.

तेवढ्यात घरातून लेंपीची हाक आली. घळीपर्यंत पोचली, यावरून आवाज समजा. नळाला पाणी नव्हतं. पाव भट्टीत होते आणि कॉफीला घोटभरही पाणी नव्हतं. बातमीदार अकराला येणार होती.

ईसाक्कीने एका हाताने मला झाडावरून सोडवलं, का ते त्यालाच ठाऊक. बहुतेक पुरावा म्हणून. मला कोटाच्या आतल्या खिशात कोंबलं आणि तो धावत सुटला. स्वयंपाकघराच्या जमिनीची एक फळी उचकटून, हातात पेटती बत्ती घेऊन तो जमिनीखाली सरपटत गेला. मी त्याच्या छातीशी.

नळ आधीच चिरला होता. आत बर्फ होता म्हणून पाणी अडलेलं, इतकंच. त्याने नळाला बत्तीची आच दिली, बर्फ वितळला, आणि पाण्याला वाट मिळाली. फळीच्या फटीतून कारंजं उडालं ते थेट भट्टीवर. फुस्स झालं, घर वाफेने भरलं, विस्तव विझला, पाव भिजले. स्टुलावरचा पाय उचलून लेंपी बाकावर चढली.

“म्हाताऱ्या!” ती वरून ओरडली. “बाहेर किती आहे? खरं सांग!”

जमिनीखालून खोकला ऐकू आला.

“किती?”

“सत्तेचाळीस,” जमीन म्हणाली.

दार उघडलं आणि बातमीदार आत आली. पैवी नावाची, विशीतली, गळ्यात कॅमेरा, पापण्यांवर हिम. समोर वाफ, बाकावर एक म्हातारी, आणि जमिनीतून कमरेपर्यंत वर आलेला एक ओला म्हातारा.

“सगळ्यात थंड अंगण... हेच का?” तिने विचारलं.

“हेच!” ईसाक्की म्हणाला. त्याने खिशातून मला काढलं आणि मशालीसारखं उंच धरलं. “बघा, सत्तेचाळीस!”

पैवीने वाकून माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

“अधिक चौदा,” ती म्हणाली.

काय करणार? म्हाताऱ्याच्या छातीशी चौदाच होते. मी असेल तेच सांगतो.

“घळीत होते!” तो म्हणाला. “झाडावर! कोल्ह्याने पाहिलंय!”

“कोल्ह्याचं नाव काय लिहू?” पैवीने विचारलं. ती गंभीर होती की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

लेंपी बाकावरून उतरली. तिने कोट घातला, डोक्याला शाल गुंडाळली.

“पोरी, या घरात तुला कॉफी देता येत नाही,” ती म्हणाली. “पन्नास वर्षांत या दारातून कुणी कॉफीवाचून गेलेलं नाही. बाहेर माझी ढकलगाडी आहे, मला बसव आणि तळ्यापलीकडे ढकल. तिथे मिळेल.”

“लेंपी, हिम वितळवून करू की,” ईसाक्की म्हणाला.

“कशावर? तुझ्या सत्तेचाळिसावर?”

उघड्या दारातून आम्ही दोघांनी बघितलं. गोठलेल्या तळ्यावरून बातमीदार पोरगी लोखंडी पात्यांवर घसरणारी ती ढकलगाडी ढकलत चालली होती, पुढच्या बैठकीवर लेंपी पाय ताठ करून बसलेली, मागे वळून न बघणारी. ईसाक्कीची विजार गुडघ्यापर्यंत गोठून पाइपासारखी झाली होती. त्याला वाकता येईना, म्हणून तो उभाच राहिला.

पेपरात फोटो आला. ओइवा, हिल्मा आणि मध्ये कप धरलेली लेंपी. खाली लिहिलं होतं, गावातलं सर्वांत थंड अंगण, चव्वेचाळीस.

मी आता सौनाच्या बाहेरच्या खोलीत आहे, टॉवेलांशेजारी. थंडीतून एकदम छातीशी नेल्यामुळे माझी लाल रेघ तुटली, तिचा एक तुकडा वर अडकून बसलाय. मी बारा महिने तेरा काळ उन्हाळा दाखवतो. मी, ज्याला खरं बोलला म्हणून शाळेतून काढलं! यावर उपाय सोपा आहे. मला उलटं न करता घट्ट धरा आणि हात खाली आणत दोन जोरदार झटके द्या, रेघ जुळेल. ईसाक्कीला हे माहीत आहे. तो सौनाला येतो, माझ्याकडे बघतो आणि टॉवेल घेऊन जातो. तुमच्यापैकी कुणी इकडे आलात तर तेवढं करा. टिचकी मारू नका.

खिडकीबाहेरचा खिळा अजून रिकामाच आहे. लेंपी रोज सकाळी हिल्माला फोन लावते, विचारते, “किती?” आणि त्यात तीन कमी करते. नवा नळ आला, फळ्या बदलल्या. नवऱ्याला मात्र तिने त्या शनिवारनंतर एकदाही “किती?” असं विचारलेलं नाही.